टर्बो बदलायच्या आधी त्याला हलवणारी यंत्रणा तपासा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. २०१७ ची १.५ लिटर डिझेल गाडी, बीएस४, सव्वा लाखाच्या आसपास किलोमीटर झालेले. रोज जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि परत; अधूनमधून तुळजापूर. शहरात १८०० आरपीएमच्या खाली गाडी ओढत नाही आणि त्यानंतर एकदम मागून कोणी ढकलल्यासारखी सुटते. तुळजापूरच्या घाटात दोनदा चेक लाईट लागला, पिकअप पार गेला, बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की गाडी पुन्हा ठणठणीत. एका गॅरेजने "टर्बो गेला, नवीन बसवा" असं सांगितलंय. दुसऱ्याने ॲक्चुएटरचा स्क्रू फिरवून देतो म्हटलंय. मित्र रिमॅप (जास्त ताकदीसाठी गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलणं) करून घे म्हणतोय, आणि गाडी बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडलला, म्हणजे जागेवर नुसती चालू, ठेवायची की नाही हाही घोळ आहेच.

यात दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणं वेगवेगळी असू शकतात, हे आधी सांगतो. १८०० च्या खाली ओढ नसणं हा काही प्रमाणात त्या इंजिनाचा स्वभाव आहे. घाटात ताकद जाणं हा मात्र बिघाडच. पण तो टर्बोचा बिघाड आहे असं मला तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. टर्बोची बेअरिंग खाल्ली असती किंवा पंखा मोडला असता तर चावी फिरवल्याने तो बरा झाला नसता. चावी बंद केल्यावर पुसली जाते ती ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, स्वतःहून घातलेली मर्यादा, म्हणजे आपण ज्याला लिंप मोड म्हणतो ती. ईसीयूने ठरवलेलं हवेचं प्रेशर आणि प्रत्यक्षात मिळालेलं प्रेशर यांचा मेळ काही क्षण बसला नाही, की ते घाबरून डिझेल कमी करतं. मेळ का बसला नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर बहुतेक वेळा टर्बोच्या आत नसतं. टर्बोला हलवणारी जी साखळी आहे तिच्यात असतं.

ही साखळी एकदा नीट समजून घ्या, मग कुठलंही गॅरेज तुम्हाला गुंडाळू शकणार नाही.

पेट्रोल गाडीत पाय दाबला की हवेचं दार उघडतं. डिझेलमध्ये पाय दाबला की डिझेल वाढतं. हवा जेवढी मिळेल तेवढी इंजिन आत घेतंच. म्हणून डिझेलमध्ये टर्बोचं काम एकच: जेवढं डिझेल पडणार आहे तेवढं पूर्ण जळायला पुरेल इतकी हवा वेळेवर आत कोंबणं. हवा कमी पडली तर काळा धूर, आणि धूर होऊ नये म्हणून ईसीयू डिझेल आवरतं, म्हणजे पिकअप कमी. तुमचा पाय काय मागतोय आणि हवा किती आहे, यात शेवटचा शब्द हवेचा असतो.

टर्बो चालतो तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम गॅसच्या जोरावर. इंजिन हळू फिरतंय तेव्हा गॅस कमी, जोरात फिरतंय तेव्हा जास्त. एकाच मापाचा टर्बो दोन्हीकडे पुरवायचा तर काहीतरी युक्ती हवी. जुन्या आणि साध्या गाड्यांत ती युक्ती वेस्टगेट नावाची झडप असते. प्रेशर ठरावीक हद्दीच्या पुढे गेलं की झडप उघडते आणि जादा गॅस टर्बाईनला (टर्बोतल्या गॅसने फिरणाऱ्या पंख्याला) वळसा घालून निघून जातो. तुमच्यासारख्या गाडीत बहुधा व्हीजीटी असेल. त्यात टर्बाईनच्या भोवती छोट्या पात्यांची एक रिंग असते. पाती मिटली की गॅसला जायला अरुंद फट राहते, तो वेगाने पंख्यावर आदळतो आणि कमी आरपीएमलाही टर्बो फिरतो. आरपीएम वाढले की पाती उघडायची, नाहीतर प्रेशर हाताबाहेर जातं. १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन आपल्या रस्त्यांवर सगळ्यांच्या ओळखीचं. त्याच्या ७५ हॉर्सपॉवरच्या आवृत्तीत साधा टर्बो आणि ९० च्या आवृत्तीत व्हीजीटी होता, म्हणजे इंजिन तेच असूनही टर्बो वेगळा असू शकतो. तुमच्या गाडीत नेमका कुठला आहे हे गॅरेजवाल्याला आधी विचारा. त्याला ते सांगता आलं नाही, तर "टर्बो गेला" या त्याच्या निदानाला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

आता ही पाती हलवतं कोण? तुमच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत व्हॅक्युम, म्हणजे हवा ओढून घेतल्याने तयार होणारी ओढ. इंजिनवरचा व्हॅक्युम पंप ब्रेक बूस्टरला व्हॅक्युम देतो, त्यातूनच एक बारीक पाईप एका सोलेनॉइडकडे (विजेवर उघडझाप होणाऱ्या झडपेकडे) जातो, सोलेनॉइडमधून दुसरा पाईप ॲक्चुएटरच्या डबीकडे, आणि डबीतला रॉड पात्यांची रिंग फिरवतो. ईसीयू सोलेनॉइडला सेकंदाला कित्येकदा चालू-बंद करून किती व्हॅक्युम जाऊ द्यायचा ते ठरवतं. बहुतेक व्हीजीटीत व्हॅक्युम दिला की पाती मिटतात, म्हणजे बूस्ट, टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर, वाढतो. पाईप फाटला, व्हॅक्युम गेला, तर पाती आपोआप उघडी राहतात. गाडी सुस्त होते पण इंजिनाला धोका होत नाही. मुद्दाम तशीच रचना असते. काही गाड्यांत डबीऐवजी इलेक्ट्रिक मोटर असते. मग व्हॅक्युमचं पुढचं सगळं तुम्हाला लागू नाही, पण बाकीचं लागू आहे.

ईसीयूच्या पोटात एक तक्ता असतो: इतके आरपीएम, इतकं डिझेल, तर इतका बूस्ट हवा. त्यावरून ते आधी पात्यांची अंदाजे जागा ठरवतं. मग इनटेकवरचा (इंजिनात हवा शिरते त्या वाटेवरचा) मॅप सेन्सर प्रत्यक्ष प्रेशर सांगतो, फरक दिसला की दुरुस्ती, पुन्हा वाचन, पुन्हा दुरुस्ती. यात बाहेरच्या हवेचं प्रेशर आणि तापमानही मोजलं जातं. शिवाय ईजीआर नावाचं एक लफडं मध्ये आहेच. हलक्या पायाने चालवताना तो व्हॉल्व्ह जळालेला गॅस परत इनटेकमध्ये सोडतो. तुम्ही अचानक पाय दाबला की आधी ईजीआर मिटला पाहिजे, त्याच वेळी पाती मिटून टर्बो उचलला पाहिजे, आणि हवा वाढेल तसंतसं डिझेल सोडलं पाहिजे. मोहोळच्या पुढे उसाच्या डबल ट्रॉलीमागे चौथ्या गिअरमध्ये ४० ने रेंगाळून तुम्ही एकदम ओव्हरटेकला काढता, तेव्हा त्या एका श्वासात एवढं सगळं घडत असतं. यातलं एक काम जरी उशिरा झालं तरी तुम्हाला जाणवतं ते फक्त "पिकअप नाही".

आता घाटाकडे येतो, कारण तुमचा बिघाड तिथेच पकडता येईल.

रोजचा तुमचा रस्ता कसा आहे बघा. आसरा चौक, सात रस्ता, सिग्नल, रिक्षा, गतिरोधक. इंजिन फारसं २००० च्या वर जात नाही, आणि कित्येकदा पूर्ण गरम व्हायच्या आतच प्रवास संपतो. अशा चालवण्यात पात्यांची रिंग तिच्या एकूण फेऱ्यापैकी मिटलेल्या बाजूच्या थोड्याच पट्ट्यात मागेपुढे होत राहते. त्या पट्ट्याच्या पलीकडे काजळी बसत जाते. वर्षभर अर्धीच उघडलेली लाकडी खिडकी एक दिवस पूर्ण उघडायला गेलं की अडकते, तसं. तुळजापूरच्या चढाला तुम्ही चौथ्यातच पाय पूर्ण दाबता. १७००-१८०० ला पाती मिटलेली, डिझेल भरपूर, टर्बो जोरात उचलतो. आरपीएम २३००-२५०० कडे जातात आणि आता पाती चटकन उघडायला हवीत. रिंग काजळीच्या कडेवर अडते, बूस्ट ठरवल्यापेक्षा वर जातो, ईसीयू पाती उघडायला सांगतंय पण ती ऐकत नाहीत. मग लिंप मोड. शहरात हा बिघाड दिसत नाही, कारण शहरात पात्यांना तिथवर जावंच लागत नाही.

हे एक चित्र झालं, आणि मला ते सगळ्यात जास्त शक्य वाटतं. पण घाटात ताकद जाण्याचं नेमकं उलट कारणही असतं: बूस्ट जास्त होण्याऐवजी कमी पडणं. इंटरकूलरकडे (टर्बोने तापवलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी होज आतून चिरलेला असतो, शहरातल्या कमी प्रेशरला चीर मिटून राहते आणि घाटातल्या भाराला उघडते. दोन्हींत चालवणाऱ्याला जाणवतं तेच. म्हणून नुसत्या वर्णनावरून टर्बो बदलणारा माणूस आणि नुसत्या वर्णनावरून साफ करणारा माणूस, दोघंही जुगार खेळतायत.

फरक कळतो तो स्कॅनरवर. पी०२३४ कोड म्हणजे बूस्ट जास्त झाला. पी०२९९ म्हणजे कमी पडला. कोड पुसायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा. त्यासोबत कोड पडला त्या क्षणाचे आरपीएम, भार, तापमान हेही बऱ्याच गाड्यांत साठवलेलं असतं, तेही वाचायला सांगा. कोड पुसून "आता बघा चालवून" म्हणणाऱ्यांनी पुरावाच नष्ट केलेला असतो.

त्यानंतर माझ्याकडे गाडी आली तर मी ज्या क्रमाने जातो तो सांगतो. क्रम असा का, तर स्वस्त आणि न खोलता होणाऱ्या गोष्टी आधी.

पहिलं काम चावी चालू, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सरचा आकडा बघणं. इंजिन बंद असताना इनटेकमध्ये बाहेरचीच हवा असते, तेव्हा आकडा बाहेरच्या हवेच्या प्रेशरइतका यायला हवा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे, म्हणून इथे तो ९५-९६ किलोपास्कलच्या आसपास येतो. पुस्तकातला १०१ हा आकडा समुद्रकिनाऱ्याचा. इथे सेन्सर १०१ दाखवत असेल तर तो "बरोबर" नाही, पाच-सहा किलोपास्कल जास्त दाखवतोय. बाहेरच्या हवेचा आकडा वेगळा दिसत असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. मॅप सेन्सरच्या तोंडावर तेल-काजळीचा थर बसून तो सुस्तावतो, हे मी खूप पाहिलंय. साफ करणं दहा मिनिटांचं काम.

मग व्हॅक्युम. बॉनेट उघडा, टर्बोची डबी दिसत असेल तर कोणाला तरी इंजिन चालू करायला सांगा. बहुतेक व्हीजीटीत इंजिन सुरू होताच रॉड ओढला जातो आणि बंद केल्यावर सावकाश परत येतो. हालचाल झटक्याने झाली, मध्येच थांबली किंवा झालीच नाही तर पुढे हाताचा व्हॅक्युम पंप लावायचा. हळूहळू व्हॅक्युम वाढवत नेला की रॉड सलग, न अडखळता शेवटपर्यंत गेला पाहिजे, आणि पंप थांबवल्यावर तिथेच टिकून राहिला पाहिजे. टिकत नाही म्हणजे डबीचा पडदा फाटलाय. टिकतो पण अडखळतो म्हणजे रिंग जाम आहे. हा निकाल हाताला कळतो, त्याला स्कॅनरही लागत नाही. ही परीक्षा इंजिन गरम असताना आणि गार असताना, दोन्ही वेळा करा. काही रिंगा गार असताना छान हलतात आणि तापल्यावर धरतात.

मुख्य पाईपवर आयडलला व्हॅक्युम ६५० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास हवा. त्याहून बराच कमी असेल तर पंप कमजोर आहे किंवा कुठेतरी गळतंय. आपल्याकडचा उन्हाळा या बारीक रबरी पाईपांचा शत्रू आहे. बाहेरून बरे दिसतात, पण टोकाशी, जिथे नळीवर चढवलेले असतात तिथे, बारीक चिरा पडलेल्या असतात. आमच्याकडे एक पिकअप आली होती, भाजीपाला मार्केट यार्डात आणणाऱ्या माणसाची. दुसरीकडे टर्बो बदलून झालेला, पैसे गेलेले, आणि तक्रार तशीच. सोलेनॉइडकडे जाणारा वीतभर पाईप टोकाला चिरलेला निघाला. तो नवीन टर्बो बिचारा हुकूमच मिळत नाही म्हणून बसून होता.

तिसरं, हवेचे मोठे होज. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इनटेकपर्यंत. सांध्यांवर तेलाचा पातळ थर दिसला तर लगेच घाबरू नका, क्रँककेसमधली वाफ तिकडूनच जाते, तेवढं तेल चालतं. पण होजच्या मधल्या भागावर तेलकट धूळ चिकटलेली असेल तर तिथे चीर आहे असं समजा. क्लिप ढिल्या आहेत का, होज हाताने पिळल्यावर आतून भेग उघडते का, बघा. भाराखाली "फुस्स" असा आवाज आणि मागे काळा धूर, दोन्ही एकत्र असतील तर जवळपास निश्चितच गळती. एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा वाटेत निसटली, पण डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पडलं, म्हणून धूर. उलट एअरफ्लो सेन्सरच घाण होऊन कमी दाखवत असेल तर धूर अजिबात नाही आणि ओढही नाही. तुम्ही धुराबद्दल काहीच लिहिलेलं नाही; तेवढं एका मित्राला मागून गाडी चालवायला सांगून बघून घ्या.

आणि मग रस्त्यावरची चाचणी. मोकळा चढ मिळाला तर उत्तम, नाहीतर पुणे रोडला वाहतूक नसलेल्या वेळी. तिसरा गिअर, १५०० आरपीएम, पाय पूर्ण दाबायचा, ३५०० पर्यंत जायचं. शेजारी बसलेल्या माणसाने स्कॅनरवर तीन गोष्टी नोंदवायच्या: हवा असलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट आणि पात्यांच्या सोलेनॉइडला दिलेला हुकूम. मिळालेला बूस्ट खालीच राहतोय आणि हुकूम "पूर्ण मिटा" असा आहे, तर गळती, कमी व्हॅक्युम किंवा पाती मिटतच नाहीत. मिळालेला बूस्ट वर गेलाय, हुकूम "उघडा" आहे, तरी तो उतरत नाही, तर रिंग जाम. बूस्ट वर-खाली हेलकावे खातोय तर सोलेनॉइड किंवा अडखळणारी रिंग. हा एक आलेख हातात असला की वाद संपतो. तो न काढता टर्बो बदला म्हणणाऱ्याला मी तरी पैसे देणार नाही.

समजा रिंग जाम निघाली. तरीही लगेच नवीन टर्बो लागत नाही. टर्बो उतरवून गरम बाजू उघडायची, पाती आणि रिंग कार्बन क्लीनरमध्ये भिजवून ब्रशने साफ करायची, पाती आणि त्यांच्या खुंट्या झिजल्यात का ते बघायचं. वाळूचा मारा करून साफ करणारे लोक आहेत, त्यांना देऊ नका. खुंट्यांच्या फटीत कण राहतात आणि नंतर तेच रिंग खातात. टर्बो हातात आहेच तर शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघून घ्या. आडवा थोडासा प्ले सगळ्याच टर्बोंना असतो, कारण शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो आणि इंजिन बंद असताना तो थर नसतो. पण पुढे-मागे जाणवण्याइतका प्ले असेल, किंवा पंखा घराला घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र कोअर (शाफ्ट, पंखे आणि बेअरिंगचा मधला भाग) किंवा अख्खा टर्बो बदलावाच लागेल. त्या वेळी टर्बो गेला म्हणणारं ते पहिलं गॅरेज बरोबर होतं असंही निघू शकतं. मग तेलाचा पाईप, त्याची जाळी आणि वायसर नवीन घालायला विसरू नका. नव्या टर्बोंची अकाली वाट लागते ती बहुतेक तेल कमी मिळाल्याने किंवा घाण मिळाल्याने.

न उतरवता स्प्रे मारून साफ करणं? सौम्य काजळीला कधी कधी काम करतं, जुन्या घट्ट थराला नाही.

स्क्रूचं म्हणाल तर त्याला हात लावू देऊ नका. तो स्क्रू म्हणजे पाती किती मिटू शकतात याची शेवटची मर्यादा, आणि ती कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून लावलेली असते. तो फिरवून पाती जास्त मिटू दिली की खालची ओढ दोन दिवस छान वाटते, मग वरच्या आरपीएमला बूस्ट जास्त होतो आणि तुमचाच आजार वाढतो. रॉडची लांबी बदलणं हेही तेच. ईसीयूने धरलेला हिशोब आणि पात्यांची खरी जागा यांत कायमचं अंतर पडतं.

रिमॅपबद्दल माझं मत कडक आहे. निरोगी गाडीत, नीट माणसाने, मर्यादेत केलेला रिमॅप चालू शकतो. पण जिचा बूस्ट आत्ताच ताब्यात नाही तिला आणखी बूस्ट मागायचा, याला काय म्हणायचं? आणि आपल्या हवामानाचाही विचार करा. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांतली १५ अंशांची सकाळ आणि मे महिन्यातली ४३ अंशांची दुपार, यांत तेवढ्याच हवेचं वजन ९ टक्क्यांच्या आसपास कमी होतं. ती हवा टर्बोने दाबली की भाराखाली तापमान १५० अंशांच्या पुढे जातं, इंटरकूलर ते उतरवतो, पण त्याच्या जाळीत उसाचं पाचट, धूळ, किडे अडकलेले असतील तर कुठून उतरवणार? महाबळेश्वरसारख्या १३०० मीटरच्या वरच्या ठिकाणी बाहेरचं प्रेशर ८६ किलोपास्कलच्या आसपास असतं. म्हणजे तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला आणखी जोरात फिरावं लागतं, आणि लहान गाडीचा टर्बो आधीच मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारत असतो. कंपनीने तक्त्यात जी राखीव जागा सोडलेली असते ती या उन्हासाठी आणि या चढांसाठी असते. रिमॅप तीच जागा खातो.

आता चालवण्याबद्दल, कारण दुरुस्ती करून पुन्हा तसंच चालवलं तर काजळी पुन्हा बसेल.

सोलापुरात बऱ्याच जणांचा समज आहे की लवकर वरचा गिअर टाकला की ॲव्हरेज वाढतं, म्हणून ४० ला पाचवा. सपाटीवर हलक्या पायाने ठीक आहे. पण १२००-१३०० आरपीएमला गाडी कुंथतेय आणि तुम्ही पाय दाबताय, तर हवा कमी आणि डिझेल जास्त, काजळी भरपूर. ओढ हवी असेल तेव्हा आधी गिअर उतरवा, मग पाय दाबा. इंजिन १८०० ते २५०० मध्ये असू द्या. १८०० च्या खाली ओढ नाही ही तुमची तक्रार यानेच निम्मी कमी होईल. बाकीची निम्मी ईजीआर साफ करून आणि वरच्या तपासण्यांतून निघाली तर निघेल. छोट्या टर्बो-डिझेलचा १५०० चा पिकअप मोठ्या इंजिनासारखा होणार नाही, ते मनाला समजवा. घाट तिसऱ्यात चढा. आठवड्यातून एकदा, इंजिन गरम झाल्यावर, वीस-पंचवीस मिनिटं चौथ्यात २५०० च्या वर गाडी हायवेला पळवा, मधूनच पाय पूर्ण दाबा आणि सोडा. पात्यांची रिंग त्या निमित्ताने पूर्ण फेरा मारते आणि गरम गॅस काजळी थोडीफार जाळून नेतो. तुमच्यासाठी तुळजापूर रोड किंवा हैदराबाद रोड सोयीचा.

आयडलचं उत्तर "कुठून आलात" यावर आहे. हैदराबादहून भरधाव येऊन थेट ढाब्यावर किंवा पंपावर थांबलात, किंवा घाट चढून लगेच थांबलात, तर अर्धा ते एक मिनिट आयडलला ठेवा. टर्बाईन तापलेला असतो, तेलाचा प्रवाह एकदम थांबला तर बेअरिंगमधलं तेल भाजून त्याचा कोळसा होतो. एमआयडीसीतून जुळे सोलापूरला सिग्नल खात आलात तर टर्बो शेवटच्या दोन किलोमीटरमध्येच निवलेला असतो. तिथे दोन मिनिटं उभं राहण्याने डिझेल जळतं आणि काजळी वाढते, फायदा शून्य. सकाळी सुरू केल्यावरही पाच मिनिटं घरासमोर तापवायची गरज आपल्या हवेत नाही. वीस-तीस सेकंद तेल वर पोचू द्या, मग पहिले दोन-तीन किलोमीटर सांभाळून चालवा.

ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, आणि तुमच्यासारख्या छोट्या फेऱ्यांत कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या आधीच बदला. एअर फिल्टर ऊस हंगामात आणि उन्हाळ्यात एकदा उघडून बघा. स्वस्त फिल्टरची रबरी कड नीट बसत नसेल तर काळ्या मातीची धूळ थेट कंप्रेसरच्या पंख्यावर जाते. इंटरकूलर आणि रेडिएटरची जाळी मधून पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवा, प्रेशर पंप जवळ धरून नको, पत्रे वाकतात.

हे वाचणाऱ्यांत बीएस६ गाडीवाले असतील, म्हणजे एप्रिल २०२० नंतरचे, तर त्यांच्या गाडीत बहुधा डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, असणार. तो चोंदला की टर्बाईनच्या मागे गॅस अडतो आणि बूस्टचं गणित तिथूनही बिघडतं. त्यांनी वरच्या तपासणीत डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या प्रेशरमधला फरकही बघावा, आणि रीजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळणं) चालू असताना गाडी अर्ध्यात बंद करू नये. तुमच्या बीएस४ गाडीत डीपीएफ असण्याची शक्यता कमी आहे.

तर तुमच्यापुरतं: आधी कोड वाचून घ्या, मग हाताच्या पंपाने रॉडची परीक्षा, मग रस्त्यावरचा आलेख. यातलं दुसरं कुठलाही जुना डिझेल मिस्त्री अर्ध्या तासात करू शकतो, त्याला मोठं वर्कशॉप लागत नाही. गॅरेजला जाताना "टर्बो बघा" असं म्हणू नका, "घाटात लिंप मोडला जाते, बूस्टचा हवा असलेला आणि मिळालेला आकडा काढून द्या" असं म्हणा. कोड कुठला निघाला, रॉड कुठे अडला आणि ३००० आरपीएमला ते दोन आकडे किती होते, एवढं इथे लिहिलंत तर टर्बो उतरवायचा की नाही हे मी सांगू शकेन. तोपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही, फक्त घाट तिसऱ्यात आणि अर्ध्या पायाने चढा. टर्बोची शिट्टी कर्कश झाली, निळा धूर दिसायला लागला किंवा ऑईलची पातळी घटायला लागली, तर मात्र त्याच दिवशी गाडी उभी करा. शाफ्ट मोडून तेल इनटेकमध्ये उतरलं तर चावी बंद केली तरी डिझेल इंजिन त्या तेलावर पळत राहू शकतं, आणि तेव्हा नुकसान टर्बोपुरतं राहत नाही.